शेऱ्याचा रकाना

मराठवाड्यातल्या एका गावात एक अख्खी सकाळ मी आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेच्या मागे फिरले. काखेत लांबोडकं रजिस्टर, पिशवीत दंडघेर मोजायची पट्टी, आणि फोन. तो दर दुसऱ्या घरापाशी रेंज सोडत होता. रजिस्टरात रकाने आखलेले: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, एकूण माणसं, पात्र जोडपं, गरोदर माता, पाच वर्षांखालची बालकं, पाण्याची सोय, शौचालय. शेवटी, पानाच्या कडेला, दोन बोटं रुंदीचा रकाना: शेरा.

तिसऱ्या की चौथ्या घरी एक बाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. ताईंनी विचारलं, "संडास हाय ना?" बाई म्हणाल्या, "हाय की." खूण झाली. संडास होताच, अंगणाच्या कोपऱ्यात, दाराला कडीसकट. आत तुराट्या रचलेल्या आणि वर एक कोंबडी अंड्यावर. मी नुसतं तिकडं बघितलं तर बाई हसल्या. "एक हंडा आणायला अर्धा तास जातो. त्यो त्यात वतू का?" ताईंनी काही न बोलता शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: पाणी नाही. पुढच्या घराकडं जाताना त्यांनी मला सांगितलं, की ॲपमध्ये 'आहे' आणि 'नाही' एवढंच भरता येतं. शेऱ्याला तिथं जागाच नाही.

कुटुंबांच्या आरोग्याची आणि राहणीची पाहणी हा विषय महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा तरी आहे. साहेबांनी केली, अर्थशास्त्रज्ञांनी केली, डॉक्टरांनी, सरकारनं, संस्थांनी केली. त्यातलं जमेल तेवढं वाचल्यावर मी आता प्रत्येक पाहणी एकाच कसोटीला लावते: आधी जे शेऱ्यात पडून होतं, त्यातलं काय ह्या पाहणीनं स्वतःचा क्रमांक असलेल्या रकान्यात आणलं? बहुतेक पाहण्या इथं नापास होतात. ज्या पास होतात त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. विचारणारा माणूस त्याच दारात पुन्हा पुन्हा गेलेला असतो.

आपल्याकडं पाहणीची पहिली आठवण मात्र वाईट आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्तानं घरोघर तपासणी झाली, ती गोऱ्या सोल्जरांकडून. देवघरात, माजघरात बूट घालून शिरणं, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान जाळणं. त्याच वर्षी २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. आरोग्याच्या अंगानं त्याकडं बघायची सवय आपल्याला नाही. रोगी कुठं लपवलाय हे शोधणं, एवढाच त्या पाहणीचा प्रश्न होता. माणसं मग रोगी आणखी लपवू लागली, आणि ते बरोबरच होतं.

हीच चूक आणीबाणीत पुन्हा झाली, वेगळ्या कपड्यांत. नर्सबाईच्या रजिस्टरचा कणा म्हणजे 'पात्र जोडपी', म्हणजे बायको मूल होण्याच्या वयात असलेली जोडपी, आणि त्यांतली ज्यांची नसबंदी व्हायची राहिली आहे ती हेरायची. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं महाराष्ट्र हे देशातलं एकमेव राज्य. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, पण घरोघर पोचायचा तो संदेश पोचला. आजही म्हाताऱ्या बायका रजिस्टर दिसलं की आधी मुलं किती ते सांगून मोकळ्या होतात, न विचारता.

ह्या दोन टोकांच्या मध्ये मात्र काही सुंदर काम झालं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन ह्यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. शंभराच्या आसपास कुटुंबांचं गाव. त्यांनी प्रत्येक घराची जमीन, तिचे तुकडे, कर्ज, मजुरी, खाणं, सगळं मांडलं. निव्वळ जमिनीवर नीट भागतंय अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि निम्म्याहून जास्त घरं बाहेरची कमाई धरूनही खड्ड्यात होती. सुखी, स्वयंपूर्ण खेडं ही कल्पना तोवर पुष्कळांना प्रिय होती. मॅननी हिशेब मांडून ती मोडली. पुढं ना. वि. कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुकची अशीच पाहणी केली. पिंपळे सौदागरात आज आयटीवाल्यांच्या वीस-वीस मजली सोसायट्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरींचं पाणी टँकरनं येतं. तिथं पुन्हा एक पाहणी व्हायला हरकत नाही.

शहरांत काम झालं ते मुख्यतः चाळींवर. बर्नेट-हर्स्टचं मुंबईतल्या कामगारांच्या घरांवरचं पुस्तक १९२५ चं; एका खोलीत एकाहून जास्त कुटुंबं, मोरीशेजारी चूल, हे त्यात आहे. पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९३६-३७ साली शहराची कुटुंबवार पाहणी केली आणि १९५० च्या दशकात नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्यांनी दारिद्र्य मोजलं, दरडोई रोज २२५० कॅलरींच्या हिशेबानं. ह्या सगळ्यात उत्पन्न आणि खर्च नीट आला, आजार मात्र येता येता राहिला. पोटात किती गेलं ते मोजलं. त्या पोटाला काय झालंय ते डॉक्टरांवर सोडलं.

डॉक्टरांनी ते कसं उचललं ह्याची गोष्ट जामखेड आणि गडचिरोलीची आहे. आरोळे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायका पाहणी करत नव्हत्या असं त्या स्वतः म्हणाल्या असत्या. त्या फक्त शेजारीपाजारी जात होत्या.

गडचिरोलीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. राणी आणि अभय बंग तिथं १९८६ मध्ये गेले. बायकांच्या आजारांबद्दल तोवर पाहणी म्हणजे दवाखान्यात आलेल्या बायकांची मोजणी. न आलेल्या बायका मोजायच्या कुणी? राणीताईंनी दोन गावं घेतली, वसा आणि अमिर्झा, आणि दवाखान्याची वाट न बघता गावातल्या बायकांचीच तपासणी केली. ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा त्रास होता, आणि एकेका बाईमागं सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर खळबळ झाली. त्यातलं मर्म भाषेचं आहे. 'तुम्हाला काही आजार आहे का?' ह्या प्रश्नाला गावात उत्तर येतं 'नाही'. अंगावरून पांढरं जाणं हा कुणाच्या लेखी आजार नव्हताच, ते बाईच्या जातीचं भोगणं. प्रश्नपत्रिकेत 'आजार' शब्द असेपर्यंत ते शेऱ्यातसुद्धा गेलं नसतं.

हा घोटाळा मोठमोठ्या पाहण्यांतही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी विचारते, गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का. आणि दर वेळी असं दिसतं, की केरळात आजारी माणसं जास्त आणि बिहारात कमी. अमर्त्य सेन ह्यांनी कितीदा दाखवून दिलंय, की जिथं दवाखाना जवळ आणि शिक्षण बरं, तिथं माणूस आपल्याला आजारी म्हणवतो. जिथं रोज कामावर जायचंच आहे, तिथं अंग मोडलं तरी तो 'बरा' असतो. आमच्या आशाताईंनी हा प्रश्न केव्हाच बदलून टाकलाय. त्या विचारतात, "ह्या पंधरवड्यात कुणाचा खाडा झाला का?" उत्तरं लगेच येतात.

बालमृत्यूंचंही तसंच. जन्मला आणि दोन दिवसांत गेला, तर बऱ्याच ठिकाणी जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदीतून गळायचे. गडचिरोलीत गावातल्या सेविकांनी गरोदर बाईच्या घरी आधीपासून चकरा मारल्या, त्यामुळं मूल जन्मलं हे लपायची सोयच राहिली नाही. मग त्याच सेविकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे झालं. जिथं झालं नाही त्या गावांशी ताडून पाहिलं तर तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. हे १९९९ चं. पुढं ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. दरम्यान राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यू स्वतः मोजले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला; सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी जास्त निघाले. सरकारनं समिती नेमली, अध्यक्ष अभय बंगच, आणि समितीनंही तेच म्हटलं. आकडा खरा निघाला की सरकारची अब्रू जाते, म्हणून आकडा कमी ठेवायचा दबाव खालपर्यंत झिरपतो. नर्सबाईला 'तुझ्या क्षेत्रात मृत्यू का झाला' म्हणून खुलासा द्यावा लागत असेल तर ती मृत्यू लिहील कशाला?

आता मोठ्या पाहणीकडं येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये सुरू झालं. पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१, देशातली ६,३६,६९९ घरं आणि सात लाखांहून जास्त बायका. इतकं मोठं काम जगात फार ठिकाणी होत नाही, आणि ते उभं राहतं मुंबईत देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत. महाराष्ट्राचे आकडे वाचण्यासारखे आहेत. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका ९४.७ टक्के. स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं चार-पाच वर्षांत साठवरून ऐंशीच्या घरात. आणि ह्याच काळात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२. म्हणजे दवाखाना आला, गॅस आला, मूल होतं तिथंच राहिलं. बायकांमधला रक्तक्षय तर ४८ वरून ५४ वर गेला.

रक्तक्षयाच्या आकड्यावर पुढं बराच वाद झाला. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर मोजलं तर आकडा फुगतो, शिरेतलं रक्त घ्यायला हवं, असं तज्ज्ञ म्हणतात, आणि पुढच्या फेरीतून ही तपासणीच काढून दुसऱ्या पाहणीकडं दिली गेली. तांत्रिक मुद्दा खरा आहे. पण त्या सकाळी एका घरात रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली ह्या सर्वेक्षणवाल्यांची एक चिठ्ठी मला दाखवली गेली: हिमोग्लोबिन ८.२. 'रक्त कमी आहे म्हणाल्या, पालेभाज्या खा म्हणाल्या.' गरोदर नसलेल्या बाईत तीव्र रक्तक्षय आठच्या खाली धरतात. ही बाई त्यात बसत नव्हती, त्यामुळं तिला पुढं पाठवायचं कुणाचं काम नव्हतं. देशाच्या आकड्यात ती पोचली. उपकेंद्राच्या गोळ्यांच्या यादीत पोचली नाही. वाद थेंबाचा की शिरेचा, तो चालू दे. त्या बाईला तीन वर्षं धाप लागते आहे हे कुठल्याच पद्धतीनं चुकीचं निघणार नाही.

संडासांची गंमत वेगळी. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, देश २०१९ च्या गांधीजयंतीला. कुटुंब सर्वेक्षणाच्या त्याच काळातल्या फेरीत देशातली १९ टक्के घरं कुठलंच शौचालय वापरत नव्हती. दोन्ही सरकारीच. एकानं बांधलेले संडास मोजले, दुसऱ्यानं विचारलं, जाता कुठं? शिवाय ह्या सर्वेक्षणात सार्वजनिक संडास वापरणारं घर 'सुधारित' धरत नाहीत. त्यामुळं मुंबईतल्या चाळी आणि झोपड्यांचा आकडा पडतो. सकाळी सातला डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा नियम अन्यायकारक वाटणार नाही.

देवनारची ती संस्था एम-पूर्व विभागात येते. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात सगळ्यात तळाला हाच विभाग होता. तिथून थोड्या अंतरावर लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड. रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी उठवलेल्या झोपडीवाल्यांना पक्की घरं दिली ती ही. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ च्या सुमारास 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी चार हजारांवर घरांची पाहणी केली. ह्या दोन वसाहतींत दर दहा घरांमागं जवळपास एका घरात क्षय. शेजारच्याच पीएमजी वसाहतीत, जिथं इमारतींमध्ये मोकळी जागा आहे, तिथं शंभरात एखाद्या घरात. लोक तेच, रोजगार तेच, दवाखाना तोच. फरक ऊन आणि वाऱ्याचा. माझ्या कसोटीला ही पाहणी पूर्ण उतरते. 'घर पक्कं की कच्चं' ह्या प्रश्नाला तिथल्या सगळ्या घरांनी 'पक्कं' हे उत्तर दिलं असतं आणि राहणीमान सुधारलं असं निघालं असतं. अंधार शेऱ्यात राहिला असता.

औषधपाण्याच्या खर्चाबद्दल थोडक्यात. रवी दुग्गल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जळगाव जिल्ह्यात घरोघर विचारलं, की आजारपणावर किती गेले. सरकारी दवाखाने फुकट असताना लोक मोठा पैसा खासगीत घालत होते हे तेव्हा दिसलं. आजही चित्र त्याच दिशेचं आहे. त्याच दारात पुन्हा पुन्हा जायचं म्हणाल, तर पुण्याजवळच्या वढू परिसरात केईएम रुग्णालयाची संशोधन शाखा २००२ पासून बावीस गावांतल्या प्रत्येक घराचे जन्म, मृत्यू, स्थलांतर सलग नोंदवते आहे. हे काम बातमीत येत नाही. त्यातून बातमी करायला वीस वर्षं थांबावं लागतं.

करोनात तर अख्ख्या राज्याची पाहणी झाली. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी', १५ सप्टेंबर २०२० पासून, दोन फेऱ्यांत प्रत्येक घर. ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, मधुमेह-रक्तदाब विचारायचा. एका पथकाला रोज पन्नास घरं. पन्नास घरं एका दिवसात म्हणजे एका घराला किती मिनिटं, हे ज्यानं ठरवलं त्यानं कधी जिने चढलेले नसावेत. दारांवर खडूनं खुणा झाल्या, जशा पोलिओच्या फेरीत होतात: 'P' म्हणजे झालं, 'X' म्हणजे राहिलं. मुंबईतल्या एका जुन्या चाळीच्या दारावर मी अशा खुणांचे थर मोजायचा प्रयत्न केला होता. पाचव्या थरानंतर रंगच निघायला लागला. त्या माहितीतून मधुमेहाचे कितीतरी रुग्ण कळले असणार, पण त्यांच्या दारात तिसरी फेरी कुणी केली नाही. आणि फेऱ्या करणाऱ्या आशा त्या काळात आणि नंतरही मानधनासाठी संपावर जात राहिल्या. घरच्या उत्पन्नाचा प्रश्न त्या दुसऱ्यांना विचारतात. त्यांना तो विचारला तर उत्तर ऐकवणार नाही.

शेवटचं उदाहरण बीडचं, कारण शेऱ्याच्या रकान्याचं ते सगळ्यात क्रूर उदाहरण आहे. ऊसतोडीला जोडपं जातं, त्याला म्हणतातच 'कोयता'. उचल आधी घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावतो. पाळीत, दुखण्यात, अंगावर जात असताना खाडा परवडत नाही. मग डॉक्टर सांगतो, गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट जाईल. गावोगावी हे माहीत होतं, नर्सबाईंना तर होतंच. २०१९ मध्ये बातम्या झाल्यावर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना हा प्रश्न घरोघर विचारला गेला: पिशवी काढली का? ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणी 'हो' म्हणाल्या. शंभरात सतराच्या आसपास. राज्याचं सरासरी प्रमाण जेमतेम तीन असताना.

ही पाहणी जमली त्याला एक साधं कारण होतं. ती पावसाळ्यात झाली, तेव्हा टोळ्या गावी परतलेल्या होत्या. दिवाळीनंतर हीच माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांजवळच्या कोप्यांत असतात. तिथल्या आशांच्या यादीत ती बाहेरची, इथल्या आशांच्या यादीत गावची. त्या सकाळी आशाताईंनी मला मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडून दाखवलं. नोव्हेंबर ते मार्चच्या पानांवर एका वस्तीतली सलग अकरा घरं होती. माणसं, गरोदर माता, बालकं, पाणी, शौचालय, सगळे रकाने कोरे, आणि शेऱ्यात अकरा वेळा एकाच अक्षरात लिहिलेलं: घर बंद.